गोळी कुणी झाडली, चौकशी कुणी करायची?

दरवर्षी १ मे रोजी सकाळी राज्याचे मुख्यमंत्री मुंबईच्या हुतात्मा चौकात जाऊन पुष्पचक्र वाहतात. पोलीस मानवंदना देतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्या १०६ जणांचं ते स्मारक. यातले बहुतेक जण पोलिसांच्या गोळीने गेले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तिथेच, फ्लोरा फाउंटनजवळ, १५ जण मारले गेले आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईभर पुन्हा गोळ्या चालल्या. केंद्रात अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. त्यांच्या तक्रारींमध्ये एक ठळक तक्रार अशी होती की, मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकार करत नाही.

ती चौकशी झालीच नाही. चार वर्षांत राज्य मिळालं आणि पुढे स्मारकही उभं राहिलं. महाराष्ट्राने गोळीबारात गेलेल्यांना हुतात्मा म्हणून मान दिला, पण गोळी का झाडली गेली, कुणाच्या हुकमाने, आणि ती टाळता आली असती का, हे प्रश्न तसेच राहिले. नंतरच्या सत्तर वर्षांत राज्यात जे जे गोळीबार झाले, त्यांच्या मुळाशी हीच सवय दिसते. समाजात तणाव निर्माण होतो तो फक्त गोळीमुळे नव्हे. ज्यांनी गोळी झाडली त्यांचंच म्हणणं पहिल्या तासात अंतिम सत्य म्हणून पुढे येतं आणि खरं उत्तर वर्षानुवर्षं येत नाही, म्हणून तो तणाव टिकून राहतो.

रमाबाई नगरची सकाळ

घाटकोपरच्या पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ च्या सकाळी वस्तीतल्या लोकांना दिसलं की, बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला आहे. पुतळ्यापासून काही पावलांवर पोलीस चौकी होती. पहाऱ्याच्या डोळ्यांदेखत विटंबना होते आणि कुणाला कळत नाही, हे लोकांना पटणं शक्य नव्हतं. सातच्या सुमारास माणसं महामार्गावर उतरली आणि वाहतूक थांबली.

राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. तिचं नेतृत्व उपनिरीक्षक मनोहर कदम करत होते. तुकडीने गोळीबार सुरू केला. वस्तीसमोरच्या सर्व्हिस रोडवर, गल्ल्यांच्या तोंडाशी माणसं पडली. त्यांत रास्ता रोकोशी काही संबंध नसलेलेही होते. दहा जण मेले, २६ जखमी झाले. बहुतेकांच्या जखमा कमरेच्या वरच्या होत्या. जमाव पांगवायला गोळी झाडावीच लागली तर नेम खाली धरायचा, हा पोलिसांच्या शिकवणीतला जुना नियम. तो इथे पाळला गेला नाही. दुपार व्हायच्या आत पोलीस पुन्हा वस्तीत शिरले आणि लाठ्या चालवल्या.

पोलिसांचं म्हणणं त्याच दिवशी आलं. जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवणार होता, टँकर पेटले असते तर शेकडो माणसं मेली असती, म्हणून गोळीबार करावा लागला. ऐकताना हा युक्तिवाद पटण्यासारखा होता. घरात बसून बातम्या वाचणाऱ्या माणसाला तो पटलाही. शहरात दोन तट पडले. दलित वस्त्यांमध्ये हा थेट आपल्यावरचा हल्ला मानला गेला, तर बाकीच्या बऱ्याच शहराला तो टँकर वाचवण्याचा निरुपाय वाटला. चार दिवसांनी, १५ जुलैला, कवी-गायक विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवलं. आयुष्यभर लाल झेंड्याची गाणी गाणाऱ्या या माणसाने अखेरच्या क्षणी डोक्याला निळं कापड बांधलं होतं. त्यांचे मित्र, चित्रपटकार आनंद पटवर्धन यांनी तिथून सुरुवात करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट करायला घेतला. तो २०११ मध्ये, १४ वर्षांनी, पूर्ण झाला.

सरकारने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा आयोग नेमला. आयोगाने टँकरचा दावा मान्य केला नाही, गोळीबाराची गरज नव्हती असा निष्कर्ष काढला आणि कदम यांना जबाबदार धरलं. म्हणजे पहिल्या दिवशी दिलेलं कारण खोटं ठरलं. तरीही सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली ती मे २००९ मध्ये, बारा वर्षांनी. त्यानंतर उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. बारा वर्षांत रमाबाई नगरात एक पिढी वाढली. तिच्या कानावर टँकरची गोष्ट एका बाजूने आणि दहा मृत्यूंची गोष्ट दुसऱ्या बाजूने पडत राहिली.

त्या रागाचा राजकीय परिणामही झाला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे रिपब्लिकन पक्षाचे चौघे खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. रमाबाई नगरचा राग हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पण मतपेटीतून सरकारला शिक्षा देता येते, गोळीबाराच्या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत.

पहिले चोवीस तास

गोळीबारानंतरच्या पहिल्या दिवसाचा आपल्याकडे एक ठरलेला क्रम आहे. ग्रामीण वा शहरी वार्ताहराला तो पाठ असतो. संध्याकाळपर्यंत पत्रक येतं. जमाव हिंसक झाला, दगडफेक झाली, वारंवार सूचना देऊनही लोक पांगले नाहीत, नाइलाजाने बळाचा वापर करावा लागला. पत्रकाच्या शेवटी एक वाक्य असतं: परिस्थिती तणावपूर्ण, पण नियंत्रणात.

तोवर शवागारासमोर दुसरी गर्दी जमलेली असते. नातेवाईक मृतदेह ताब्यात घ्यायला नकार देतात. आमदार, संघटनांचे पुढारी, तहसीलदार, उपअधीक्षक यांच्यात बोलणी चालतात. मागण्यांची यादी ठरलेली असते: दोषींवर खुनाचा गुन्हा नोंदवा, निलंबन करा, न्यायालयीन चौकशी करा, घरातल्या एकाला नोकरी द्या. रात्री उशिरा काही मान्य होतं, काही लेखी दिलं जातं, आणि कडेकोट बंदोबस्तात अंत्यसंस्कार होतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सौदा वाटतो. आतल्या माणसाला माहीत असतं की, मृतदेह हीच त्याच्या हातातली शेवटची ताकद आहे. एकदा अग्नी दिला की पुढचं सगळं पोलीस ठाण्याच्या डायरीवर, पंचनाम्यावर, रिकाम्या पुंगळ्यांच्या नोंदीवर आणि शवविच्छेदनाच्या अहवालावर अवलंबून राहणार. हे सगळे कागद त्याच यंत्रणेच्या ताब्यात असतात. ज्यांनी गोळी झाडली त्यांच्या शेजारच्या टेबलावर पुरावा ठेवलेला असताना लोकांनी शांत राहावं, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

जमीन, पाणी, दंगल

महाराष्ट्रातले गोळीबार एकाच कारणाने झालेले नाहीत. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासई आणि नवघर इथे, संपादित जमिनीला योग्य भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या आणि पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून पुढे भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं. म्हणजे जी मागणी करताना माणसं मेली, ती रास्त होती हे सरकारने धोरणातूनच मान्य केलं.

९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पवना धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करणारे शेतकरी उतरले होते. गोळीबारात तिघे मेले, त्यांत एक स्त्री होती. यावेळी रमाबाई नगरपेक्षा एक गोष्ट वेगळी होती. वाहिन्यांचे कॅमेरे तिथे होते आणि दृश्यं त्याच दिवशी घराघरांत पोहोचली. त्यामुळे पत्रकातली भाषा लोकांनी लगेच तपासायला घेतली. न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग नेमला गेला. जलवाहिनीचं काम पुढची अनेक वर्षं ठप्प राहिलं. बळ वापरून प्रकल्प पुढे रेटायचा होता, पण त्या गोळ्यांनीच तो थांबवला.

तिसरा प्रकार दंगलीचा, आणि तो सर्वांत कठीण. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. त्यांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात गेली, म्हणजे भोसकाभोसकीत मेलेल्या ३४७ जणांपेक्षाही जास्त. यातल्या कित्येक गोळ्या जाळपोळ थांबवायला झाडल्या गेल्या असतील. पण सगळ्याच गोळ्या तशा नव्हत्या, हे आयोगाने सुलेमान बेकरी आणि हरी मशिदीसारख्या प्रकरणांत स्पष्ट लिहिलं. १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळात आला, तेव्हा सरकारने त्याचे निष्कर्ष नाकारले. ज्या समाजातली माणसं त्या गोळ्यांना बळी पडली, त्यांच्यासाठी हा नकार दुसऱ्या आघातासारखा होता.

कायदा काय सांगतो

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जमाव पांगवण्याचे अधिकार कलम १४८ आणि त्यापुढच्या कलमांत आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १२९ पासून होते. आदेश, मग इशारा, मग कमीत कमी बळ, ही चढण ठरलेली आहे. अटक करताना ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही, हे नव्या संहितेच्या कलम ४३ मध्येही कायम आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, पण तो इतर कुठल्याही नागरिकाच्या हक्काएवढाच.

अडचण पुढे आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृतीसाठी खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. चौकशी आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. आयोगापुढे दिलेला जबाब त्या माणसाविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. त्यामुळे आयोगाने सत्य शोधलं तरी पोलीस तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तोवर साक्षीदार म्हातारे होतात, विखुरतात, घाबरतात.

चकमक: टाळ्या आणि प्रश्न

जमावावरच्या गोळीबाराबद्दल समाज निदान दोन बाजूंनी बोलतो. चकमकीच्या बाबतीत बऱ्याचदा एकच बाजू ऐकू येते. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, तेव्हापासून मुंबईत ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हा शब्द कौतुकाने वापरला जाऊ लागला. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकींमध्ये १३५ जण मारले गेले, असं एका याचिकेत न्यायालयापुढे मांडलं गेलं. त्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. प्रत्येक मृत्यूची प्राथमिक माहिती नोंदवायची, तपास त्या पोलीस ठाण्याकडे न ठेवता गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, आणि चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक द्यायचं नाही.

२००६ मधलं लखनभैया प्रकरण या तत्त्वांची गरज दाखवतं. नवी मुंबईतून उचललेला माणूस त्याच दिवशी वर्सोव्यात चकमकीत मेला, असं सांगितलं गेलं. मृताच्या भावाने वर्षानुवर्षं न्यायालयाची पायरी झिजवली. महत्त्वाचा साक्षीदार साक्ष देण्याआधीच मारला गेला. २०१३ मध्ये पोलिसांना शिक्षा झाल्या. त्यावेळी निर्दोष सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेप दिली. या प्रकरणातल्या एका टप्प्यावर, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बनावट चकमकीला थंड डोक्याने केलेला खून म्हटलं होतं.

बदलापूरने हा प्रश्न आपल्या दारात आणला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी आली. २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वे स्थानकात तासन्‌तास लोकल रोखून धरल्या. तो संताप खरा होता आणि रास्त होता. २३ सप्टेंबरला आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळीने मेला. त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावल्याचं पोलिसांनी सांगितलं. सोळा तत्त्वांच्या निकालाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं पूर्ण झाली होती.

पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’चे फलक लागले. दफनाला जागा मिळू नये म्हणून विरोध झाला, आणि आई-वडिलांना त्या जागेसाठी न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. उच्च न्यायालयाने सुरुवातीलाच विचारलं की, गाडीत चार पोलीस असताना एका माणसाला आवरता कसं आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने बळाचा वापर समर्थनीय नसल्याचं म्हणत पाच पोलिसांना जबाबदार धरलं. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून पथक नेमण्याचं काम पोलीस महासंचालकांकडे सोपवलं.

त्या दोन मुलींना न्याय मिळाला, असं म्हणणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की, खटला चाललाच नाही. प्रकार कसा घडला, शाळेतली कुठली व्यवस्था कोसळली, कुणी दुर्लक्ष केलं, हे आरोपीच्या उलटतपासणीतून जे बाहेर आलं असतं ते त्याच्याबरोबर गेलं.

हैदराबादचा दाखला इथे महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले आणि पोलिसांवर लोकांनी फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते महाराष्ट्रातले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. मे २०२२ मध्ये समोर आलेल्या अहवालात आयोगाने म्हटलं की, गोळ्या जीव घेण्याच्या इराद्याने झाडल्या गेल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा, आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांना त्या दिवशी हे माहीत नव्हतं. माहीत होण्याची वाट पाहण्यासाठीच न्यायालय असतं.

पोलिसाची बाजू

या आढाव्यात पोलिसाला केवळ आरोपी म्हणून उभं करणं चुकीचं ठरेल. बंदोबस्तावरचा शिपाई बारा-बारा, सोळा-सोळा तास उभा असतो. दगड त्यालाच लागतात. निर्णय बऱ्याचदा वर होतो आणि निलंबन मात्र खालच्याचं होतं. शिवाय संयम दाखवणाऱ्याला आपण काय देतो, हेही पाहायला हवं.

११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानात जमाव बेफाम झाला. वाहिन्यांच्या गाड्या जाळल्या गेल्या, महिला पोलिसांवर हात टाकले गेले, अमर जवान स्मारकाची तोडफोड झाली. दोघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यांत पोलीस मोठ्या संख्येने होते. तरीही तत्कालीन आयुक्त अरूप पटनायक यांनी आपल्या माणसांना आवरलं. सरसकट गोळीबार झाला असता तर शहर पेटलं असतं, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईत त्या रात्री दंगल झाली नाही. पण पटनायक यांच्यावर टीकेची झोड उठली, मोर्चे निघाले आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांना पदावरून हलवण्यात आलं. रमाबाई नगरात बेछूट गोळीबार करणाऱ्याला शिक्षा व्हायला बारा वर्षं लागली आणि आझाद मैदानावर गोळी आवरणाऱ्याची बदली बारा दिवसांत झाली. खालच्या अधिकाऱ्याने यातून काय धडा घ्यायचा, हे आपणच ठरवलं.

काय करता येईल

उपाय नवीन शोधायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात ते आहे, पण गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूचा तपास सुरुवातीपासून स्वतः हाती घेण्याची ताकद त्याच्याकडे नाही. ती द्यायला हवी. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की प्रकरण स्वतंत्र संस्थेकडे जातं, आणि घटनास्थळ, शस्त्रं, पुंगळ्या यांच्यावर पोलीस दलाचा हक्क राहत नाही. आपल्याकडेही पहिल्या तासात हेच व्हायला हवं. बंदोबस्तावरच्या तुकडीच्या अंगावर कॅमेरा हवा आणि त्याचं चित्रण न्यायालयाच्या ताब्यात जायला हवं. त्याचा फायदा प्रामाणिक पोलिसालाही होईल.

आणि आपण वाचकांनी, नागरिकांनी, एक गोष्ट स्वतःत बदलायला हवी. मेलेला आपल्या जातीचा आहे की दुसऱ्याच्या, शेतकरी आहे की दंगलखोर, निरपराध आहे की घृणास्पद गुन्ह्याचा आरोपी, यावरून आपला प्रश्न बदलतो. मावळच्या गोळीबारावर पेटून उठणारा माणूस बदलापूरला पेढा घेतो. रमाबाई नगरासाठी रडणारा दुसऱ्या वस्तीतल्या गोळीबारावर गप्प बसतो. प्रश्न एकच असायला हवा: गोळी झाडण्याशिवाय खरंच दुसरा मार्ग नव्हता का? आणि याचं उत्तर गोळी झाडणाऱ्याने देता कामा नये.

चौकशी आयोग अधिनियम, १९५२ मध्ये तरतूद आहे की, आयोगाचा अहवाल सरकारने, त्यावर काय कारवाई केली या निवेदनासह, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवायचा. कायदा आहे, मुदत आहे. आपल्या भागातल्या गोळीबाराचा अहवाल कधी मांडला आणि त्यावर काय केलं, हे आपल्या आमदाराला लेखी विचारा. पुढच्या १ मेला हुतात्मा चौकात फुलं वाहताना त्या १०६ जणांच्या वतीने एवढं तरी विचारायचा हक्क आपल्याला आहे.